डांबर लावलेला पाय

सातव्या मैलाचा दगड मागे पडला आणि सायकलचं पुढचं चाक धाडकन खड्ड्यात गेलं. हँडल हातातून सुटता सुटता राहिलं. खड्ड्याचं मला काही नव्हतं. मी घाबरले ते वेगळ्या कारणाने. मागे कॅरियरवर बसलेल्या माझ्या नवऱ्याने हा खड्डा सांगितला नव्हता.

तोपर्यंत त्याचा एकही सांगायचा राहिला नव्हता. डोकं माझ्या पाठीवर टेकलेलं, डोळे मिटलेले, अंग चुलीसारखं तापलेलं. पण दर थोड्या वेळाने तो बोलत होता. "डाव्या आंगाले घे." "आता मधातून चाल." "पुढं गिट्टी उखडली हाय, हळू." त्याला डोळे उघडायची गरज नव्हती. अकोटपासून सहा ते नऊ हे तीन मैल त्याचे होते. तो सडकेवरचा मैलकुली. खड्डे मुरमाने बुजवायचे, धुमसाने ठोकायचे, कडेचं गवत कापायचं, पावसात नाल्या मोकळ्या करायच्या, हे त्याचं काम. आमच्या खोलीपासून, म्हणजे नवव्या मैलापासून, अकोटच्या दवाखान्यापर्यंत मी त्याला न्यायला निघाले होते.

"अवो," मी म्हटलं. "आयकलं काय?"

मी मान वळवली तोच तो एका बाजूला कलला. जुन्या लुगड्याने मी त्याला माझ्या कमरेशी बांधलं होतं. त्यामुळे तो गेला तशी मीही गेले, सायकलही गेली. सडकेच्या उतारावरून आम्ही खाली चिबडात पडलो. तिथे पावसाळाभर गुडघाभर पाणी असायचं आणि माणसाच्या उंचीचं लव्हाळं. नशीब एवढंच की त्याचं तोंड वर राहिलं. मी नाकाशी हात धरला. श्वास चालू होता. मग मी आधी गाठ सोडली आणि मग त्याला शिव्या दिल्या.

त्याची चूक होती म्हणून दिल्या. आठ दिवसांपूर्वी खोदता खोदता टिकास त्याच्या उजव्या पायावर घसरलं होतं. बोटांच्या वर दोन इंच फाटलं. माझी सासू हळद घेऊन बसली तर तो म्हणाला, "हयद बायायची. आमचं डांबर." सडकेवरच्या माणसांची हीच रीत होती. कुठे कापलं की कोमट डांबराचं बोट ओढायचं. रक्त थांबतं, पाणी आत जात नाही, दुसऱ्या दिवशी चिखलात उभं राहता येतं. बहुतेक वेळा जखम बरीही व्हायची, नाहीतर रीत टिकली नसती. या खेपेला जखमेत माती होती. डांबराने ती आत कोंडली. वरून काळं, चकचकीत, कोरडं. चार दिवस तो त्या पायाने कामावर गेला. पाचव्या दिवशी पाय सुजला, सातव्या दिवशी जांघेत गाठ आली आणि वास यायला लागला. मी डांबर काढायला गेले तर त्याने माझा हात झटकला. "सुकून राहिलं. हात नको लावू."

आठव्या दिवशी तो मला ओळखेना. सासूला म्हणाला, "मुकादम, आज लय पानी हाय."

"पोरी," सासू म्हणाली, "बैलगाडी आन."

बैलगाडी गावात होती, पण काळ्या मातीत भादव्यात गाडी म्हणजे दिवसभराचं काम. एस.टी. पावसाळ्यात आमच्या बाजूला येतच नसे. सायकल होती. मीच चालवणार म्हटल्यावर सासू म्हणाली, "लोक काय म्हणतीन?"

"लोक हायेत कुठं?" मी म्हटलं.

खरंच नव्हते. त्या सडकेवर उन्हाळ्यात दिवसाला सागाच्या लाकडाचे दोन ट्रक जायचे. पावसात तेही बंद. वर सातपुड्याकडे दाट सागवान, खाली उतरलं की दोन्ही बाजूंना हे चिबड. सायकल चालवताना साखळीचा आवाज आणि आपलाच श्वास, एवढंच ऐकू यायचं. नवऱ्याने मला सायकल शिकवली ती काही हौसेने नाही. रोज तीन मैल भाकर घेऊन पायी यायला मला वेळ लागायचा आणि त्याला भूक धरवत नसे. दांड्याची सायकल. नऊवारीत ती नीट चालवता येते. ज्यांनी चालवली नाही त्यांना वाटतं, येत नाही. मला ती सडक आवडायची. एकटी असले की मी जोरात हाणायची आणि पोचले की हळू उतरायची, म्हणजे त्याला वाटायचं मी भीत भीत आले.

तर आता तो चिबडात आडवा होता आणि मला त्याला सडकेवर आणायचं होतं. काखेत हात घालून ओढलं. तो हाडापेराने मोठा माणूस. दोन वीत ओढायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं. सुजलेला पाय दगडावर आपटला तेव्हा तो ओरडला. मला बरं वाटलं. मेलेला माणूस ओरडत नाही.

सडकेवर आणला, पण सायकलवर कसा चढवायचा? बसता तर त्याला येतच नव्हतं. थोडं पुढे मोरी होती, तिला हातभर उंच कठडा. मी त्याला कठड्यापर्यंत फरफटत नेलं, आधी पाठ टेकवून बसता केला, मग मागून उचलून कठड्यावर घातला. किती वेळ गेला सांगता येत नाही. सायकल कठड्याला लावली आणि आमच्याकडे कापसाचं गाठोडं जसं सीट आणि कॅरियरवर आडवं टाकतात, तसा त्याला पालथा टाकला. डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. लुगड्याने करकचून बांधला. आता सायकल चालवणं नाही, ढकलणं. एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताने त्याची कंबर. काळी माती चाकात भरायची, चाक जाम व्हायचं, मी काडीने खरवडायची आणि पुन्हा ढकलायची. खड्डे आता मलाच बघावे लागत होते. तेव्हा समजलं, तो रोज काय बघत होता.

सहाव्या मैलाच्या दगडाशी पलीकडच्या हद्दीचा मैलकुली गवत कापत होता. त्याचं आणि नवऱ्याचं दर महिन्याला भांडण व्हायचं, कोणाच्या हद्दीत खड्डे जास्त यावरून. त्याने विळा टाकला आणि धावत आला.

"मेला काय वं?"

"नाही. धर इकडून."

त्याने धरलं. चालता चालता म्हणाला, "काय झालं?"

"पाय पाहा."

त्याने पाहिलं आणि नाक दाबलं. थोडं पुढे गेल्यावर मात्र न राहवून म्हणाला, "वहिनी, पाहून घ्या. माह्या हद्दीत गचका बसला काय एक तरी?"

"शुद्धीवर आला म्हंजे त्याले तूच सांग," मी म्हटलं. "तेवढ्यासाठी तरी उठीन."

तो हसला. मीही हसले असेन. पाच-सहा मैल माणूस पूर्ण वेळ रडत जात नाही. त्याच्या डाव्या अंगठ्यावर मला डांबराचं काळं टोपण दिसलं. मी बघते आहे हे त्याला कळलं आणि त्याने हात बदलला.

अकोटला दुपार झाली. डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा असावा. नवऱ्याला टेबलावर घेतलं आणि रॉकेलच्या बोळ्याने डांबर सुटं करून काढायला लागला. पापुद्रा निघाला तसं आतलं बाहेर आलं. ते मी लिहीत नाही.

"हे कोणी लावलं?" डॉक्टरने विचारलं.

"त्यानंच."

"का?"

"सगळे लावतेत," मी म्हटलं.

"मग सगळ्यांना सांगा, लावू नका." तो माझ्यावर ओरडला नाही, पण ओरडला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "बाई, पाय जाईल. माणूस राहील की नाही, आज सांगता येणार नाही. अकोल्याला न्यावं लागेल. न्यायचं का?"

मी म्हटलं, "इथवर काय दाखवायले आनला?"

शेजारच्या हद्दीचा माणूस भिंतीशी उभा होता. त्याने अंगठा धोतराच्या सोग्यात गुंडाळला होता. डॉक्टर आत गेल्यावर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "माहा त बारीकच हाय." मी म्हटलं, "दाखव." तो म्हणाला, "दाखवतो." आम्ही अकोल्याच्या गाडीत बसलो तोवर काही त्याने दाखवलं नव्हतं.

अकोल्याला पाय गुडघ्याच्या वर कापला. तीन दिवस नवरा मुकादमाशी बोलत राहिला. चौथ्या दिवशी सकाळी मला ओळखलं. पाणी मागितलं, पांघरुणाकडे पाहिलं, जिथे पायाचा उंचवटा नव्हता तिथे, आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस मी भात भरवायला गेले की ओठ मिटायचा. मी मग ताट बाजूला ठेवून स्वतःच खायची. मला भूक होती.

तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मरू देलं असतं त काय बिघडलं असतं? मैलकुलीले पाय नाही, आता काय करू?"

मी म्हटलं, "मले आधी सांगाचं होतं. एवढं ढकलत आनलं नसतं तुमाले."

तो हसला नाही. पण त्या दिवशी जेवला.

दीड महिन्याने आम्ही परत आलो. त्याच्या जागेवर मला रोजंदारीवर घेतलं, कारण त्या एकाकी सडकेवर राहायला दुसरं कोणी तयार नव्हतं. तो खोलीसमोर खाटेवर बसायचा आणि मी कामाला निघाले की ओरडायचा, "मुरूम ओला करून टाक, कोरडा नको टाकू." कधी कधी मी कोरडाच टाकायची. त्याला कळायचं नाही. हे मी त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

सासू त्याच हिवाळ्यात वारली. मुलाचा कापलेला पाय तिने एकदाच पाहिला आणि मग त्या बाजूला बसायचं सोडलं. शेजारच्या हद्दीचा मैलकुली आम्ही अकोल्यात असतानाच गेला. त्याच्या घरच्यांनी त्याला दवाखान्यात नेलं होतं, पण उशिरा. अंगठ्याच्या जखमेतून दातखीळ बसली, म्हणजे धनुर्वात. त्याच्या बायकोने मला विचारलं, "तुमी तं पाहालं होतं ना?" मी म्हटलं, "पाहालं होतं."

माझा नवरा त्यानंतर अकरा वर्षं जगला. मी अजून जगते आहे.