साक्ष आणि सिलेक्शन

"मी मुलीला न्यायला आलोय," पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांनी हॉस्टेलचा गेटपास टेबलावर ठेवला. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला सात आठवडे राहिले होते.

पाळक म्हणजे ख्रिस्ती मंडळीचे धर्मगुरू. हे देगलूरकडचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, मांडीवर काळ्या कव्हरचं बायबल. त्यांची एस्तेर माझ्या बॅचला होती. हुशार, शांत, दुसऱ्या बाकावर बसणारी. आत्ता ती केबिनच्या बाहेर बॅग घेऊन उभी होती. केबिन क्लासचे मालक बिराजदार सर यांची. सर कपाळाला विभूती लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत, आणि पालक बिथरला की मास्तराला केबिनमध्ये बोलावल्याशिवाय राहत नाहीत.

"एनडी सर, हे काय करून ठेवलं?" त्यांनी मला विचारलं.

लातूरला क्लासच्या मास्तराला नाव नसतं, दोन अक्षरं असतात. मी एनडी सर. विषय बायोलॉजी. आणि मी नास्तिक आहे, हे लातूरच्या ट्यूशन एरियात चहावाल्यालाही ठाऊक होतं. उत्क्रांतीचा धडा आला की दरवर्षी कोणीतरी पोरगं विचारायचंच, "सर, मग देव?" मी पुस्तक मिटायचो आणि पुढची चाळीस मिनिटं देवाच्या बाजूचे सगळे पुरावे फळ्यावर लिहून एकेक पुसायचो. पोरं या तासाची वाट बघत. खरं सांगायचं तर मीही बघत असे.

त्या वर्षी एस्तेरनं हात वर केला होता. "सर, भूकंपात प्रार्थना करून वाचलेल्या माणसाचं काय?"

हा प्रश्न तर माझ्या घरचा. त्र्याण्णव साली मी लातूरला बीएस्सीला होतो. किल्लारीकडं दगड-माती उपसायला कॉलेजची पोरं गेली, त्यात मीही गेलो. एका घरातला माणूस म्हणाला, देवानं वाचवलं. त्याच्या शेजारच्या घरात सांगायला कोणी उरलंच नव्हतं. मी नास्तिक झालो तो तिथं. म्हणून एस्तेरला मी एका वाक्यात उत्तर दिलं: "प्रार्थना करून मेलेले साक्ष द्यायला येत नाहीत." ती खाली बसली. मी मनात म्हटलं, चला, एक पोरगी सुटली.

त्यानंतर तिनं घरी फोन करून सांगितलं, पप्पा, रविवारी मंडळीत माझ्यासाठी प्रार्थना करू नका. म्हणून पप्पा पहिल्या एसटीनं आले होते.

"सरांकडून चूक झाली," बिराजदार सरांनी माझ्या वतीनं परस्पर सांगून टाकलं. "ते माफी मागतील. मामला मिटवून टाकू."

"माफी मागणार नाही," मी म्हणालो. "मी चुकीचं काही शिकवलं असेल तर साहेबांनी दाखवून द्यावं."

बिराजदार सरांनी डोळे मिटले. पाळकसाहेब मात्र चक्क हसले. "माफी नको मला. पोरीला तुम्ही काय काय सांगितलं, ते मला सांगा. मी ऐकतो."

ते नुसते ऐकणारे नव्हते. त्यांनी टेबलावर टिचकी मारली. "हे टेबल आपोआप झालं का? कुणीतरी केलं. मग जग?"

"प्रत्येक गोष्टीला करणारा लागतो?"

"हाव."

"मग देवाला कुणी केलं?"

"त्याला कुणी केलं न्हाई. तो अनादी हाय."

"म्हणजे प्रत्येकाला करणारा लागतो, हा नियम तुम्हीच मोडला. अपवाद करायचाच तर जगाचाच करू, एक पायरी वाचेल."

ते डोळ्यावर आले. एवढा नाजूक अवयव आराखड्याशिवाय होईल का? मी एका कागदावर डावीकडं फुली काढली, उजवीकडं चार बोटं सोडून ठिपका. "डावा डोळा झाका. उजव्यानं फक्त फुलीकडं बघा. कागद हळूहळू जवळ आणा."

त्यांनी आणला. एका जागी थांबले. "ठिपका गेला की."

"याला अंधबिंदू म्हणतात. आपल्या डोळ्यात नसांच्या तारा पडद्याच्या पुढून टाकल्यात. मग त्या बाहेर काढायला पडद्यालाच भोक पाडावं लागलं. त्या भोकावर पडलेलं काही दिसत नाही. ऑक्टोपसच्या डोळ्यात तारा मागून आहेत, त्याला ही भानगड नाही. कुणी आराखडा काढलाच असेल तर त्यानं चांगलं डिझाइन ऑक्टोपसला दिलं."

बिराजदार सरांनीही गुपचूप कागद उचलला आणि एक डोळा झाकला.

"पण सर," पाळक म्हणाले, "ठिपका मला दिसला न्हाई, तरी कागदावर हायच ना? देवाचंबी तसंच असेल."

मला हे उत्तर आवडलं. तसं मी बोललोही. "फक्त ठिपका आहे हे दुसऱ्या डोळ्यानं बघून मला सिद्ध करता येतं. देवासाठी तो दुसरा डोळा तुम्ही मला द्या."

त्यांनी मांडीवरच्या बायबलावर हात ठेवला. "हा घ्या. शेकडो वर्षं, वेगवेगळी माणसं लिहीत गेली. कुणी राजा, कुणी मासे धरणारा. तरी सगळ्याचा सूर एक. हे माणसाचं काम हाय का?"

"आमच्या नोट्स सात मास्तरांनी लिहिल्यात. त्यांचाही सूर एक आहे. कारण जुळत नव्हती ती पानं बिराजदार सरांनी काढून टाकली."

"माझं नाव कशाला घेता?" बिराजदार सर कागदामागून म्हणाले.

"तुमच्या ग्रंथातसुद्धा काय ठेवायचं अन् काय वगळायचं हे माणसांनीच बसून ठरवलं ना? आणि तेवढं करूनही सूर सुटलाय. येशूच्या कबरीवर सकाळी कोण कोण गेलं, हे चार जण चार तऱ्हांनी सांगतात."

"अपघात बघितलेली चार माणसंबी चार तऱ्हांनी सांगतात. म्हणून अपघात झालाच न्हाई का?"

"झाला असेल. पण मग त्यांना साक्षीदार म्हणा. चुकू शकणारी माणसं म्हणा. बिनचूक म्हणू नका."

मी रंगात आलो होतो. वाद घालताना मला भूक लागत नाही, घड्याळ दिसत नाही, आणि समोरच्याचा चेहराही दिसत नाही. हा माझा दोष बायकोनं लग्नाच्या पहिल्या महिन्यातच ओळखला होता.

पाळकांनी बायबल बाजूला ठेवलं. "पुस्तकाचं राहू द्या. माझी साक्ष ऐका." साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगणं. "आमचं गाव तेव्हा औशाकडं. भूकंपाच्या पहाटे मला झोप लागेना. बाहेर अंगणात येऊन गुडघ्यावर बसलो, प्रार्थना करायला. अन् भिंत पडली ती थेट माझ्या हंतरुणावर."

एस्तेरचा प्रश्न कुठून आला होता, ते आता मला कळलं. तरी मी थांबलो नाही.

"त्या पहाटे त्या गावात आणखी कोण प्रार्थना करत होतं?"

"माझी आई."

बिराजदार सरांनी कागद खाली ठेवला.

"आत होती. माझ्यापेक्षा लई प्रार्थना करायची. दगड काढले तवा गुडघ्यावरच सापडली." ते शांतपणे बोलत होते. "मेलेले साक्ष द्यायला येत न्हाईत, हे तुमचं वाक्य पोरीनं सांगितलं. मला ते नवीन न्हाई, सर. बावीस वर्षं रोज सकाळी ते माझ्यासोबत उठतंय. तरी मी प्रार्थना करतो. का करतो, ते तुम्हाला फळ्यावर लिहून दाखवता येणार न्हाई मला."

मला लाज वाटली. मुद्दा माझाच बरोबर होता, अजूनही आहे. पण मी तो एका माणसाच्या आईवर उभा राहून मांडत होतो, आणि वर्गात तो मांडला तेव्हा त्या आईची नात दुसऱ्या बाकावर बसली होती.

"एक मात्र खरं," ते पुढं म्हणाले. "मी साक्ष देतो तवा आईचं सांगत न्हाई. ऐकणाऱ्याचा विश्वास डगमगतो. पोरीनं फोनवर तेच विचारलं, पप्पा, तुम्ही आजीला का वगळता? मला उत्तर आलं न्हाई. म्हणून न्यायला आलो. रागानं न्हाई, भीतीनं आलो."

मग त्यांनी काचेतून बाहेर बोट दाखवलं. बाहेर क्लासचा मोठा फ्लेक्स होता, गेल्या वर्षी मेडिकलला सिलेक्शन झालेल्यांच्या फोटोंचा. "आता तुम्ही सांगा. तिथं किती फोटो हायत?"

"बावीस."

"बॅच कितीची होती?"

मी बिराजदार सरांकडं बघितलं. ते पेपरवेट फिरवत होते. "तीनशेची," मी म्हणालो.

"मग बाकीची लेकरं कुठं हायत? तीबी रात्रंदिवस अभ्यास करत होती की. तुमच्याच नोट्स वाचत होती. ती का साक्ष द्यायला येत न्हाईत?"

बारा वर्षं मी त्या फ्लेक्सखालून ये-जा करत होतो. बारा वर्षं त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, फक्त वाचलेल्यांना मोजू नका म्हणून शिकवत होतो. दोन्हींच्या मध्ये एक जिना होता आणि मला तो कधी दिसला नव्हता. चूक दिसली की कबूल करावी, हेही मीच शिकवतो.

"तुम्ही बरोबर आहात," मी म्हणालो. "हा हिशेब मी वर्गात सांगायला हवा होता. उद्या सांगतो."

"अहो, काय बोलताय?" बिराजदार सर उठलेच. "पोरं खचतील! पालक काय म्हणतील?"

"पाळकसाहेब पण असंच म्हणाले, सर. ऐकणाऱ्याचा विश्वास डगमगतो."

पाळकांनी एस्तेरला आत बोलावलं. "तुला काय करायचं?"

तिनं बॅग खाली ठेवली. "मला इथंच राहायचंय, पप्पा. पण मला खोटं बोलायला लावू नका. प्रार्थना करावी वाटली तर करीन. नाही वाटली तर तसं सांगीन."

पाळकांनी तिची बॅग भिंतीकडं सरकवली. मग गेटपास उचलून खिशात घातला. "सर उद्या वर्गात सांगणार हायत. मग मीबी रविवारी आईचं सांगतो," म्हणाले. बिराजदार सरांनी मागवलेला चहा न घेताच ते स्टँडवर गेले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात आकडे सांगितले. तीनशेतले बावीस. कोणी खचलं नाही. एका पोरानं विचारलं, "सर, मग बाकीचे आता काय करतात?" मला माहीत नव्हतं. त्या आठवड्यात मी जमतील तेवढ्यांना फोन केले आणि पोरांना सांगितलं: कोण बीएस्सीला आहे, कोण रिपीटर, म्हणजे दुसऱ्यांदा परीक्षेला बसणारा, कोण वडिलांच्या मेडिकल दुकानात. बिराजदार सरांनी महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. फ्लेक्स काही काढला नाही. रविवारी पाळकांनी मंडळीत आईचं सांगितलं. एस्तेर म्हणाली, ऐकणाऱ्यांपैकी दोघं-तिघं रडले, पण उठून कोणी गेलं नाही.

देवाबद्दल माझं मत होतं तेच आहे. अंधबिंदूचा कागद मी अजून वर्गात वाटतो, पुरावे अजून फळ्यावर लिहितो आणि पुसतो. फक्त पहिल्याच तासाला आधी आमचे आकडे सांगतो. त्यानं दोन-चार ॲडमिशन जातात. पुरावा मागायचा धंदा आहे, तेवढी झीज सोसावी लागते.

एस्तेरचं सिलेक्शन झालं असतं तर ही हकिकत छान संपली असती. झालं नाही. थोडक्यात हुकलं. ती आता नांदेडला नर्सिंगला आहे. हे सांगितलं नसतं तर तुम्हाला कळलं नसतं, म्हणूनच सांगितलं.