चूक काढा की, पावणं!

शेवटची भेट दवाखान्यात झाली. शोभाच्या नाकात नळी, हाताला सलाईन, आणि बाईसाहेबांची तक्रार काय, तर भिंतीच्या रंगाची! "असला पिवळा कुणी दिलाय गं? धडधाकट माणूस बी आजारी पडंल." नर्ससुद्धा हसली. चार दिवसांनी शोभा गेली. महिना होत आला, पण तिच्यावर चिडायची माझी सवय काही सुटत नाही...

आम्ही दोघी कोल्हापुरात चित्रकला शिकलो. मी गारगोटीच्या शाळेत नोकरी धरली, नेसरीच्या या पोरीनं भिंती धरल्या. नव्वदच्या दशकात पदर खोचून बांबूच्या परांचीवर चढलेली बाई बघायला गर्दी जमायची. सुट्टीत मी मदतीला जायची. तिची एक खोड मात्र मला अजिबात खपायची नाही. चित्र होत आलं की ती खाली उतरून रस्त्यावरच्या कुणालाही अडवायची, "पावणं, जरा चूक काढा की!" आणि कोल्हापूरचा माणूस, त्याला काय, आमंत्रणच! एका दूध डेअरीच्या भिंतीवरची म्हैस बघून एक आजोबा म्हणाले, "कास लई बारकी हाय. ही कसली दूध देतीया!" हिनं अख्खी म्हैस पुसली. दोन दिवसांचं काम होतं ते! मी ब्रश आपटला. ती शांत. "अगं, त्येंनी जलमभर धारा काढल्यात. आपण नुसत्या म्हशी रंगवल्यात."

पुढं काही वर्षांनी तिचा खांदा आखडला. हात डोक्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी परांची बंद केली. महिनाभर ती घरात बसून रडली. "भिंत गेली, मग मी चित्रकार कसली गं?" मग तिनं कुणाचा तरी जुना कंप्युटर आणला आणि त्यावर चित्रं काढायला लागली. मी फणकारले, "यंत्रानं काढलेलं कसलं आलंय चित्र?" माऊस हलवत ती म्हणाली, "हात माझाच हाय की."

जयसिंगपूरच्या एका शाळेच्या भिंतीसाठी तिनं कंप्युटरवर जनावरांचा बाजार रंगवला. तो फ्लेक्सवर छापून भिंतीवर चढवला, आणि ही रस्त्यात उभी राहून सगळ्यांना विचारत सुटली. जो तो "झ्याक हाय" म्हणून पुढं जाई. तिचं तोंड उतरत गेलं. "छापलेल्याला कुणी नावंच ठेवत न्हाय गं. मग हे चित्र न्हवंच, जाहिरात झाली." त्या क्षणी मला माझ्या फणकाऱ्याची लाज वाटली. एवढ्यात डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली एक बाई थांबली. "जनावरं हवेत तरंगत्यात व्हय? पायाखाली भुई कुठं हाय?" खरंच की! फ्लेक्स खुरांपाशीच संपला होता, खाली नुसता चुना. शोभाला कोण आनंद! त्या बाईला तिनं बळंच चहा पाजला आणि माझ्यावर ओरडली, "बघतीस काय? घे ब्रश!" दिवसभर ती खुर्चीतून हुकूम सोडत होती आणि मी खाली माती नि गवत रंगवत होते. तेवढी मी आयुष्यात कधी हसले नसेन.

परवा मुद्दाम त्या शाळेच्या भिंतीपाशी गेले. वडापच्या जीपची वाट बघत एक गृहस्थ उभे होते. मी बराच वेळ घुटमळले, मग धीर केला. "पावणं, जरा चूक काढा की."

त्यांनी चित्र वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जनावरं झ्याक हैत. पर हे गवत कुणी काढलंय? असलं गवत म्हस तोंडात तरी घेईल व्हय?"

भर रस्त्यात मी इतकी हसले, की रडूच आलं. शोभे, ऐकलंस का गं?... रविवारी ब्रश घेऊन जातेय. सगळं गवत पुसणार आहे.