बरी झाल्याची साक्ष

मंचरला आमच्या ख्रिस्ती मंडळीची उपासना कांद्याच्या वखारीच्या माडीवर भरायची. खाली कांदा, वर आमची मोजकी कुटुंबं. नवखा पाहुणा सगळ्यांचे डोळे पाणावलेले बघायचा आणि म्हणायचा, काय पश्चात्ताप आहे राव या मंडळीत! आम्ही कांद्याचं नाव काढत नव्हतो.

या मंडळीत आत्मिक वाढीच्या बाबतीत माझा नंबर बराच वरचा आहे, असं एका माणसाचं ठाम मत होतं. तो माणूस म्हणजे मी.

बायकोच्या पोटात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरनं पोट उघडून पाहिलं आणि तसंच शिवलं. "घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला," म्हणाला. तिला अर्थ कळला. मला कळून घ्यायचा नव्हता. मंडळीतल्या बायका पाळीपाळीनं येऊन तिच्याजवळ बसायच्या, हळू आवाजात गायच्या. तिला बरं वाटायचं. मी मात्र दारात धुसफुसायचो. ही कसली निरोपाची तयारी? विश्वास असा असतो होय?

देवानं आपल्यासाठी केलेलं चारचौघांत उभं राहून सांगायचं, याला आम्ही साक्ष म्हणतो. एका रविवारी मी उठलो आणि देवानं करायच्या आधीच सांगून टाकलं. "प्रभूनं माझ्या बायकोला पूर्ण बरं केलंय!" एकदा जाहीर झालं की देवाला मागं कसं फिरता येईल, अशी माझी अक्कल. हालेलुयाचा गजर झाला. मी घामाघूम, पण धन्य.

आणि बायका यायच्या बंद झाल्या. बऱ्या झालेल्या बाईजवळ कोण बसतं? उलट तिलाच दर रविवारी रिक्षानं आणावं लागलं. जिना चढताना ती भिंत धरायची, वर पोचली की हसायची. मंडळीतली एक म्हातारी मावशी तिला म्हणाली, "पोरी, देवानं तुला उठवलं, माज्या गुडघ्यावर हात ठिव." तिनं ठेवला. "कसा गरम हाय गं हात! सामर्थ्य हाय, सामर्थ्य!"

ताप होता.

घरी ती "दुखतंय" म्हणाली की मी "असं तोंडातून काढू नको" म्हणायचो. एका दुपारी ती माझ्याकडं पाठ करून बोलली.

"आवो, मी चाललेय ते देवाला ठावं हाय, डॉक्टरला ठावं हाय. मंडळीत मातर मी ठणठणीत."

"गप. विश्वास ठेव."

"ठिवलाय. त्याच्याकडंच चाललेय न्हवं? पण तुमची साक्ष खोटी पडू नये म्हणून मी किती दिस हसू? मला बायका पायजेत जवळ. मला रडायचंय."

मी उत्तराला बायबलातलं वचन शोधलं. एरवी बस चुकलेल्या माणसालाही मी वचन ऐकवायचो. त्या दुपारी पुस्तक उघडलं आणि तसंच मिटलं.

पुढच्या रविवारी मी एकटाच माडीवर गेलो. पुन्हा उठलो. "ती बरी नाही," म्हणालो. "मी घाई केली. ती चाललीय."

उपासना चालवणाऱ्या पाळकांनी मान खाली घातली. मग गुडघेदुखीची ती मावशी धरत-टेकत उभी राहिली. "मग हितं काय करताय बसून? चला गं!" अर्धी उपासना जिना उतरून गेली.

मी घरी पोचलो तेव्हा बायकोचं डोकं मावशीच्या मांडीवर होतं, कुणीतरी तिचे केस विंचरत होतं, आणि ती मोठ्यानं रडत होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिचा तो आवाज मी ऐकला नव्हता.

"भाऊ, तुमी च्या ठिवा," मावशी म्हणाली.

ठेवला. साखर विसरलो. बायका मुकाट प्यायल्या. आतून बायकोचं बोलणं ऐकू येत होतं. कुठं पुरायचं, कुठलं लुगडं नेसवायचं, तळेघरच्या बहिणीला काय द्यायचं. शेवटी माझं. "त्यांना एकटं जेवू देऊ नका गं. बोलत्यात लई, पर भित्रं हायेत."

भातलावणी संपायच्या आत ती गेली.

अजून मंडळीत कुणी आजारी पडलं की मला प्रार्थनेला बोलावतात. मी जवळ बसतो आणि विचारतो, लई दुखतंय का? मग ते माणूस बोलायला लागतं. पुष्कळदा प्रार्थना राहूनच जाते.