नाव नसलेल्या गोळ्यांची पुडी

आधीच सांगून टाकतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. मेडशीत स्टँडजवळ माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळली की लोक माझ्याकडे आणतात, मी ती उघडतो आणि कुठे जळली ते बोट ठेवून दाखवतो. "विहिरीवरच्या चिंचेत काहीतरी हाय, म्हणून मोटार चालत नाई" असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला मी शेतात नेऊन उंदराने कुरतडलेली केबल दाखवली आहे. त्यामुळे खालचं लिहिताना मला माझाच राग येतोय. पण डॉक्टर लोकांचा राग त्याहून जास्त आहे, म्हणून लिहितोच.

माझ्या बायकोचे, सुनंदाचे, गुडघे दुखायचे. वाशीमच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गुडघा दाबला आणि त्यांच्याच काउंटरवरून कागदाची पुडी दिली. आत पांढऱ्या गोळ्या, सगळ्या अर्ध्या तोडलेल्या. ना पाकीट, ना नाव. मी विचारलं, "साहेब, गोळीचं नाव?"

"नाव घेऊन काय करता? गोळी खायची असते," डॉक्टर म्हणाले.

मी पुडी खिशात घातली. आमच्याकडे सगळे असंच करतात... लाल सकाळी, पांढरी संध्याकाळी, आणि डॉक्टरांना प्रश्न विचारायचा नाही. मोटार देताना मी गिऱ्हाइकाला तारेचा गेज, म्हणजे जाडीसुद्धा सांगतो. पण माणसाच्या पोटात काय चाललंय हे त्याला कळायला नको!

त्यानंतर मी तांब्याची तार आणायला वाशीमला गेलो की पुडी घेऊन यायचो. आणि थोड्याच दिवसांत सुनंदाला त्रास सुरू झाला. सकाळचा चहा झाला की तोंडाला चव यायची. "तांब्याची तार दातात धरल्यासारखी," ती म्हणायची. काम करताना तार दातात धरायची मला सवय आहे, त्यामुळे ती चव मला बरोबर कळली. मग ओठ बधिर व्हायचे आणि मानेवर लाल चट्टे उठायचे. जेवणाच्या वेळेपर्यंत सगळं साफ.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्या गोळीने असं होत नाही." झालं! मग अकोल्याला नेलं. तिथल्यांनी विचारलं, कोणतं औषध चालू आहे, पाकीट दाखवा. मी पुडी पुढे केली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू गोळ्या मीच घरी तोडल्या. रक्त तपासलं, रिपोर्ट नॉर्मल. म्हणाले, साइड इफेक्ट असेल, गोळ्या बंद करा.

मी पुडी आणणं बंद केलं. त्रास बंद झाला नाही.

तिसऱ्या डॉक्टरांनी तर कहर केला. आम्ही दुपारी पोचलो, तोवर चट्टे गेलेले. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "घरात काही टेन्शन?" विचारलं सुनंदाला, पण पाहत होते माझ्याकडे. चट्टे काय टेन्शनने उठतात? मग वीजबिल पाहून अख्ख्या तालुक्याच्या माना लाल व्हायला पाहिजेत. मी तिथेच आवाज चढवला. सुनंदाने माझी बाही धरून मला बाहेर काढलं.

शेजारच्या बायका म्हणाल्या, बाहेरचं असेल, कोणाला तरी दाखवा. त्यांच्यावरही मी ओरडलो.

मग एका सकाळी सुनंदाचा ओठ एवढा सुजला की तिला बोलता येईना, श्वास घरघरायला लागला. जीप करून मालेगावला, आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी इंजेक्शन दिलं आणि मग ओरडूनच विचारलं, "आत्ता हिने काय खाल्लं?"

मी म्हणालो, "गुडघ्याच्या गोळ्या होत्या, पण त्या कधीच्या बंद केल्या."

इंजेक्शनने जरा मोकळी झालेली सुनंदा पलंगावरून फाटक्या आवाजात म्हणाली, "म्या ते गोळी कधी खाल्लीच नाई."

"म्हणजे?"

"कुसुमबाईले देत होतो. तिचे गुडघे माह्यापेक्षा वाईट हायेत. मले बोलू नका आता."

कुसुमताई म्हणजे सुनंदाची थोरली बहीण, किन्हीराजा गावात दिलेली. तिचा नवरा तिला वाशीमला कधी नेणार नाही. म्हणून पहिल्या पुडीपासून सगळ्या गोळ्या एसटीने किन्हीराजाला. मी आणणं बंद केल्यावर सुनंदाने वाशीमला जाणाऱ्या एका मैत्रिणीला सांगितलं. काउंटरवर पेशंटचं नाव सांगितलं की पुडी मिळते, कोण आलंय हे कोण पाहतो! आमच्या घरोघरी हेच चालतं. एकीला गुण आला की दुसरीला अर्धी गोळी, रक्त तर एकच ना.

गोळी खाते कुसुमताई, चट्टे हिच्या मानेवर. माझ्या धंद्यात याला एकच उत्तर आहे : वायर नाही तर करंट नाही.

सुनंदा घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी मी तणतणत किन्हीराजाला गेलो. कुसुमताई अंगणात उभी राहून तुरीची डाळ पाखडत होती. उभी राहून! मी बाजेवरसुद्धा न बसता विचारलं, "ताई, गोळ्या कधी घेता तुम्ही?"

"सकायी, च्या झाला की. काहून?"

मी सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग चिडली. "भाऊजी, तुमी शिकले-सवरले, असं कायले बोलून राह्यले? मले काई झालं का? इतके दिवस झाले, चालून राह्यलो मी. गोळी वाईट असती तं मले नसतं झालं?"

"तुम्हाला नाही झालं, तिला झालं."

"कोनी सांगतलं तुमाले हे? आता तुमच्या डोयापुढं घेतो. पाहा काय होते तं."

तिने सूप खाली ठेवून कमरेची पुडी काढली आणि मी हात पुढे करेपर्यंत गोळी तोंडात टाकून वर पाणी प्यायलं. मग कमरेवर हात देऊन उभी राहिली, माझ्याकडे पाहत. मीही पाहत राहिलो. खरं सांगतो, काही होऊ नये असंच मला वाटत होतं. मी खोटा पडावा, तिने मला हसावं, आणि मी चहा पिऊन घरी जावं.

मोबाइल वाजला. सुनंदा होती.

"आवं... ते चव आली पुन्ना. ओठ जड होऊन राह्यले. म्या तं काईच खाल्लं नाई आज."

मी स्पीकर लावला होता की चुकून लागला, आठवत नाही. कुसुमताईने ते ऐकलं आणि ती मटकन खाली बसली. उरलेली पुडी तिने माझ्या हातात कोंबली. "घेऊन जा हे. माह्या घरात ठेवू नका," एवढंच म्हणाली, आणि आत जाऊन रडली.

नशिबाने त्या दिवशी त्रास ओठांवरच थांबला. त्यानंतर सुनंदाला एकही चट्टा उठला नाही. आणि कुसुमताई? महिनाभरात ती अंगणात बसून सरकत फिरायला लागली. ती पुडी घेऊन मी वाशीमच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हणालो, आता तरी नाव सांगा, दुसरी कोणती देता येईल ते सांगा. ते म्हणाले, तुम्ही पिक्चर जास्त पाहता. मेडिकलवाला म्हणाला, अर्ध्या गोळीवर काहीच लिहिलेलं नाही, कशी ओळखू? दुसऱ्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी कुसुमताईला गुण येत नाही. एक नाव, फक्त एक नाव पाहिजे होतं, ते आजवर कोणी दिलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात कुसुमताईच्या मुलीचं लग्न होतं. मांडवात पाहतो तर कुसुमताई उभी! पाहुण्यांना हाताला धरून बसवतेय, पंगतीत वाढतेय, हसतेय. माझं डोकंच फिरलं. मी वळून सुनंदाकडे पाहिलं. ती बायकांत तोंडाला पदर लावून बसली होती आणि मानेवर लाल चट्टे चढत होते.

मी तावातावाने कुसुमताईकडे निघालो. सुनंदाने माझं मनगट घट्ट धरलं.

"बसा खाली. तिले बोलू नका. पुडीतली एक म्या ठेवली होती. दुखन्याची दुसरी गोळी हाय, असं सांगून मीच देल्ली."

"मरायचं आहे का तुला?"

"सकायीच डॉक्टरीणबाईची खाजेची गोळी घेतली हाय. आजच्या दिवस चालू द्या तिले, पोरीचं लगन हाय."

वेळ आलीच तर दवाखान्यात नेता यावं म्हणून मी एक ऑटो मांडवाच्या तोंडाशी आणून लावला आणि मुलीची पाठवणी होईपर्यंत सुनंदाशेजारी बसून राहिलो. तोवर तिचे ओठ सुजले होते, तिला बोलता येत नव्हतं, आणि ती बहिणीच्या पायांकडे पाहत होती.

कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर कळवा. मनाचं आहे, असं मात्र कृपा करून सांगू नका. इतकी वर्षं मोटारी उघडतोय, पण या दोघींमधली वायर मला अजून सापडलेली नाही.