हेनारेंचा उशिराचा ठोका

हेनारेंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि शांतपणे विचारलं, “ड्रम्स कोण वाजवतंय?”

“तुम्हीच.”

“नाही. चांगला वाजवतोय, पण तो मी नाही.”

मला आधी हसू आलं, मग मी केलेली दुरुस्ती आठवली.

ऑकलंडमधल्या एका लहानशा स्टुडिओत मी जुन्या टेप्स डिजिटल करायचे. पुण्याची इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर. नेमकेपणा हा माझा गुण, आणि मला त्याचं जरा जास्तच कौतुक. हेनारे सत्तरच्या दशकात इथल्या डान्स हॉल्समध्ये रिदम अँड ब्लूज वाजवायचे. त्यांच्या बँडमधले बाकीचे सगळे गेले होते. स्ट्रोकनंतर हेनारेंचा उजवा हात लुळा पडला होता. त्यांचं वाजवणं उरलं होतं ते या एकाच टेपवर.

अशा टेपवरचा गोंद जुना होऊन चिकट होतो. ती मंद उष्णतेवर तासन्‌तास शेकली की चालते, पण चालताना आवाजाचा थर खरवडला जाण्याची भीती असते. मी ती एकदा नीट चालवून कॉम्प्युटरवर घेतली. ड्रम्सचा ट्रॅक वेगळा होता. पाहते तर चारांतला दुसरा आणि चौथा ठोका दर वेळी किंचित उशिरा. ती चूक समजून दोन दिवस खपून मी प्रत्येक ठोका ग्रिडवर, म्हणजे घड्याळाच्या मापात, बसवला. आणि मूळ फाइलवरच सेव्ह केलं.

“न बदललेली, रॉ फाइल आहे ना?” हेनारेंचा प्रश्न ऐकून बॉस ग्रॅहमने विचारलं. मी मान खाली घातली. “मग त्यांना तूच सांग,” तो म्हणाला.

सांगितलं. हेनारे चिडले असते तर बरं झालं असतं. ते समजावत बसले. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या वस्त्यांमध्ये ब्लूज, चर्चमधल्या टाळ्या आणि नाचाच्या बँडचा जोर एकत्र आला, त्यातून हे संगीत झालं. पुढे त्यातूनच सोल आणि फंक हे प्रकार निघाले. हेनारेंनी ते लहानपणी बंदरावर खलाशांनी आणलेल्या रेकॉर्ड्सवरून उचललं होतं.

“ठोका उशिरा का, ते मात्र हॉलमध्ये कळलं,” ते म्हणाले. “नाचणाऱ्यांचं पाऊल जमिनीला टेकेपर्यंत मी थांबायचो.”

मी दोन दिवस स्क्रीनकडे बघत होते. पाय एकदाही हलवला नव्हता. फार लाज वाटली.

टेप पुन्हा शेकली. हेनारेंसमोर मी ती पुन्हा चालवली. चार गाणी सुखरूप आली. पाचव्याच्या शेवटी थर सुटला आणि ड्रम्स काही क्षण गायब झाले. त्याच गाण्यातला आधीचा तुकडा कापून तिथे लावू का, असं मी घाबरत विचारलं.

“राहू दे. परत लाव,” हेनारे म्हणाले.

ती रिकामी जागा आली तेव्हा त्यांनी डाव्या हाताने टेबलावर ठोके दिले. दुसरा, चौथा. दोन्ही उशिरा. टेबलाखाली माझं पाऊल आपोआप पडलं, आणि त्यांचा ठोका त्यानंतर आला.

तेव्हापासून मी आधी कॉपी ठेवते. आणि काही दुरुस्त करण्याआधी ज्याचं आहे त्याला विचारते, की हे बिघडलंय ना नक्की?