गुलाबाची काडी आणि माझी घाई

सगळं बदललं ते आईने माझ्या हातावर सणसणीत फटका मारला, त्या सकाळी. नव्वदीची सुरुवात, भिवंडीतलं आमचं बैठं घर... आणि एकवीस वर्षांचा मी, परसात उकिडवा बसून गुलाबाची काडी मातीतून उपटत होतो. मुळं फुटली का ते बघायला. चौथ्यांदा!

काडी वंदनाने दिलेली. मागच्या गल्लीतल्या मास्तरांची मुलगी. "कॉलेज अर्ध्यात टाकलंस, ही तरी जगव," असा टोमणा मारून. तिला स्थळं यायला लागली होती आणि मी नुसता जळत होतो... तिचं म्हणणं एकच, "एक काम धरून दाखव, मग मी बाबांशी बोलते."

आणि मी धामणकर नाक्याजवळचं कापड विणायच्या लूमवरचं काम त्याच दिवशी सोडणार होतो. तिथला मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला होता, "कॉलेज के हीरो, पहले झाडू पकडना सीख!" जाऊन त्याला चार शब्द ऐकवायचे, की संपलं.

तेवढ्यात तो फटका. "मेल्या, काडी काय, नोकरी काय... चार दिवस झाले की उपटलीच! मूळ धरणार कधी?"

डोकं भडकलं. काडी परत मातीत खोचली, तसाच तणतणत कामावर गेलो, मुकादमासमोर उभा राहिलो आणि... झाडू उचलला. दातओठ खात, पण उचलला.

मग फाल्गुन सरत आला, तसं परस जागं झालं. शेवगा पांढराशुभ्र फुलला, कढीपत्त्याला तांबूस पालवी आली, मोगऱ्याला बारीक कळ्या धरल्या. पानांवर बसलेली लूमची पिंज, उडून आलेला कापूस, आई ओल्या फडक्याने पुसायची. काडी मात्र सुकू नये म्हणून टोकाला लावलेला शेणाचा गोळा मिरवत तशीच उभी... हात नुसते शिवशिवायचे. पण नाही लावला.

एका शुक्रवारी, लूमची सुट्टी म्हणून उशिरा उठलो. परसात गेलो तर काडीच्या कुशीतून लालचुटुक कोंब! मी ओरडलोच. कुंपणापलीकडून वंदना म्हणाली, "ओरडून झालं असेल तर ऐक. बाबांनी संध्याकाळी बोलावलंय. आणि तिथे आवाज चढवू नकोस."

संध्याकाळी आईने इस्त्रीचा शर्ट हातात दिला. तिचे उपकार कसे फेडणार...

मास्तर काय म्हणतील, माहीत नव्हतं. पण ते 'नाही' म्हणाले तरी उद्या सकाळी शिफ्टला जायचंच, एवढं आयुष्यात पहिल्यांदाच पक्कं होतं. चपला घातल्या, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.