पद्माबाईचा रोजचा फोटो

वारंगा फाट्यावर पद्माबाईच्या हातची खिचडी खायला ट्रकवाले मुद्दाम गाडी थांबवत. बोलण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर निघाला, तेव्हा या बाईचे किस्से बंद पडले. मग एका सकाळी नवऱ्याला, जळबाला म्हणाली, "चूल तुमी सांभाळा. मी नांदेडला जाते अन् बरी होऊन येते."

नांदेडच्या दवाखान्यात रोज किरणांचा शेक घ्यायचा होता. आधी भरपूर पाणी प्यायचं, लघवी धरून ठेवायची, मग मशीनखाली निजायचं. शेक द्यायच्या आधी मशीन अंगाभोवती गिरकी घेऊन पोटाच्या आतला फोटो काढी.

एकदा फोटो झाला, आणि मशीन चालवणारी प्रियदर्शनी आत येऊन म्हणाली, "मावशी, जरा खाली उतरा. आज पिशवी जागेवर नाही."

पद्माबाई ताडकन उठून बसली. "काहून? कुठं गेली?"

प्रियदर्शनी हिंगोलीची, वयानं लहान. तिनं पद्माबाईला हाताला धरून बाहेर पडद्यापाशी नेलं आणि दोन फोटो शेजारी-शेजारी लावले.

"हा पहिल्या दिवसाचा, हा आजचा. ही लघवीची पिशवी. ती भरली की गर्भपिशवीला वर उचलते, रिकामी झाली की गर्भपिशवी खाली येते. सगळ्याच बायकांची अशी हलते, मावशी. म्हणून तर रोज फोटो काढायचा. नेम बराबर लागला पाहिजे."

"म्हंजे बिमारी न्हाई वाढली?"

"नाही हो. कालच डॉक्टर म्हणाले ना, गाठ आटत चाललीय? आज लघवीची पिशवी तेवढी रिकामी दिसतेय."

पद्माबाई ओशाळली. "धरवलंच न्हाई माय. हळूच जाऊन आले."

प्रियदर्शनीला हसू आवरेना. ते पाहून पद्माबाईही हसली, कैक दिवसांनी. पाणी पिऊन पुन्हा बाहेरच्या बाकड्यावर, नंबरची वाट पाहणाऱ्या बायकांत जाऊन बसली. थोड्या वेळानं काढलेल्या फोटोत सगळं जिथल्या तिथं होतं.

त्या दिवसापासून बाकड्याचा कारभार तिनं आपल्या हाती घेतला. सेनगावकडची संगिता नवीनच आली होती, भेदरलेली. पद्माबाईनं तिला पाणी पाजलं, पिशवी कशी वर-खाली होते ते हातवारे करून समजावलं आणि वेळ जावा म्हणून फाट्यावरचे किस्से सुरू केले. सगळ्या बायका पोट धरून बसल्या.

"हसवू नका वो अक्का," संगिता विनवत होती, "इथंच फजिती व्हईल."

बाहेरून द्यायचे शेक संपले, आतून द्यायचेही झाले. काही महिन्यांनी तपासणीला गेली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, गाठ कुठंच दिसत नाही. ते ऐकून जळबा दवाखान्याच्या पायरीवर बसून लेकरासारखा रडला. पद्माबाईनं आपल्या पदरानं त्याचे डोळे पुसले आणि रसवंतीवर नेऊन उसाचा रस पाजला.

पुढच्या उन्हाळ्यात संगिताच्या लेकीचं, पुजाचं हिंगोलीत लग्न लागलं. बाकड्यावरच्या बायका झाडून सगळ्या आल्या होत्या, प्रियदर्शनीही आली. वरातीत पद्माबाई तिला ओढत बँडपुढं घेऊन गेली आणि पदर खोचून अशी नाचली, की वऱ्हाडानं मागं सरून जागा करून दिली. जळबा तिच्या चपला हातात धरून कडेला उभा होता, आणि त्याचेही पाय हलत होते.